स्वभावाला औषध नाही? व्यक्तिमत्त्व विकारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आरोग्यावर कार्यक्रम असला की नैराश्याबद्दल, झोपेबद्दल लोक हात वर करून विचारतात. हे प्रश्न मात्र चिठ्ठीवर येतात. चिठ्ठीवर नाव नसतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा 'माझ्या ओळखीच्या एका घरात' अशी असते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली घरं आणि माणसं अनेकांच्या गोष्टींची सरमिसळ करून उभी केली आहेत, त्यामुळे कुणी कुणाला ओळखायचा प्रयत्न करू नये.

तापट, हट्टी, संशयी माणसं तर घरोघरी असतात. मग विकार कशाला म्हणायचं?

तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर. एक, वागण्याची ही तऱ्हा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू झालेली आणि वर्षानुवर्षं टिकलेली हवी. दोन, ती घरी, कामावर, मित्रांत अशी बहुतेक ठिकाणी दिसायला हवी. तीन, तिच्यापायी त्या माणसाचं स्वतःचं किंवा त्याच्या नात्यांचं, नोकरीचं खरंखुरं नुकसान होत असायला हवं.

दुसरी अट लोक विसरतात. साहेबापुढे ज्याला राग छान आवरता येतो आणि घरी आल्यावर बायकोपुढेच आवरत नाही, त्याला बहुधा विकार नसतो, त्याला मुभा मिळालेली असते. उलट पन्नाशीपर्यंत शांत असलेला माणूस अचानक चिडचिडा, बेफिकीर झाला, तर व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार शेवटी करायचा. आधी थायरॉइड, मेंदूचे आजार, दारू आणि नैराश्य तपासायचं.

आणखी एक. आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात (२०१७) स्पष्ट लिहिलं आहे की समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींप्रमाणे कुणी वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. सून उलट बोलते, मुलगा जातीबाहेर लग्न करतो म्हणतो, मुलगी लग्नच नको म्हणते, या चिठ्ठ्यांचं उत्तर या कलमात आहे.

याचे प्रकार किती?

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत दहा आहेत आणि ते तीन गटांत बसवले आहेत. पहिल्या गटात इतरांपासून तुटलेली, विक्षिप्त वाटणारी माणसं: सतत संशय घेणारी, कुणाशी जवळीकच नको असलेली, चमत्कारिक कल्पनांत रमणारी. दुसऱ्या गटात भावना आणि वागणं यांचा उद्रेक असतो: समाजविरोधी, बॉर्डरलाइन, सतत लक्ष हवं असणारी, आणि आत्मप्रौढ म्हणजे नार्सिसिस्टिक. तिसऱ्या गटाच्या मुळाशी भीती: नकाराच्या धास्तीने लोकांना टाळणारी, दुसऱ्याच्या आधाराशिवाय साधा निर्णय न घेऊ शकणारी, आणि टोकाची काटेकोर.

प्रत्यक्षात माणसं अशा कप्प्यांत बसत नाहीत. एकाच रुग्णाला दोन-तीन लेबलं लागतात, आणि एकच लेबल लागलेली दोन माणसं एकमेकांसारखी नसतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे कप्पे जवळजवळ मोडीत काढले. आता आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र ते पाहायचं आणि मग त्यात कोणते गुण ठळक आहेत ते नोंदवायचं. 'बॉर्डरलाइन' ही खूण तेवढी जोडायला ठेवली आहे. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, पण फाइलवर तुम्हाला अजून जुनी नावंच दिसतील.

आमचे वडील सगळं जागच्या जागी, हिशेब पैशापैशाचा. हा ओसीडी ना?

ओसीडी म्हणजे मंत्रचळ. त्यात माणसाला त्याचे विचार नकोसे असतात. दहा वेळा कुलूप ओढून पाहताना 'हे वेड्यासारखं आहे' हे बहुतेकदा त्याला कळत असतं, आणि त्याचा त्याला जाच होतो. काटेकोर व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला वाटतं की आपलंच बरोबर, जगच गबाळं आहे. जाच घरच्यांना होतो. इंग्रजी नावं (ओसीडी आणि ओसीपीडी) सारखी असली तरी उपचार वेगळे आहेत. आणि नुसती वही नीट ठेवणाऱ्या वडलांना यातलं काहीही झालेलं नाही.

बॉर्डरलाइन म्हणजे सीमारेषेवर. कशाच्या?

नाव फसवं आहे. १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने ते वापरलं, तेव्हा कल्पना अशी होती की हे रुग्ण 'न्यूरोसिस' (वास्तवाचं भान शाबूत असलेला मनाचा त्रास) आणि 'सायकोसिस' (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या वेशीवर उभे आहेत. ती कल्पना मागे पडली, नाव राहिलं. १९८० मध्ये ते डीएसएममध्ये अधिकृत झालं. लोकांना मात्र अजून वाटतं की 'बॉर्डरलाइन' म्हणजे थोडासाच आजार, जशी बॉर्डरलाइन शुगर असते. तसं नाही.

सर्वाधिक चिठ्ठ्या याच विकाराबद्दल येतात, म्हणून जरा सविस्तर. निदानासाठी नऊ लक्षणं सांगितली आहेत आणि त्यातली किमान पाच असावी लागतात. जवळचं माणूस सोडून जाईल ही जीवघेणी भीती. आज देव, उद्या राक्षस अशी टोकाची नाती. आपण नेमके कोण हेच पक्कं नसणं. पैसा, वाहन, नशा, शरीरसंबंध, खाणं यांत आवेगाने केलेल्या घातक गोष्टी. स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येच्या धमक्या, प्रयत्न. तासातासाला पालटणारी मनःस्थिती. आत कायमची पोकळी. न आवरणारा राग. आणि ताण असह्य झाला की तेवढ्यापुरता टोकाचा संशय किंवा आपण आपल्यातून बाहेर पडल्यासारखं वाटणं. नवातली कुठलीही पाच किंवा जास्त म्हणजे २५६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. 'माझ्या बहिणीसारखं ती काहीच करत नाही, मग तिलाही तेच कसं?' याचं उत्तर हे गणित देतं.

घरातून हे असं दिसतं. नवरा 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' एवढा मेसेज करतो. तिला वाचताना ऐकू येतं, 'तू मला नको आहेस.' वीस फोन, मग शिव्या, मग बॅग भरणं, आणि रात्री पायाशी बसून माफी. सकाळी ती ऑफिसात नीट काम करते, म्हणून घरचे म्हणतात, 'बघा, बाहेर कशी शहाणी असते!' पण त्या रात्रीची वेदना नाटकी नसते. त्वचा भाजलेल्या माणसाला साधी चादरही सोसत नाही, तसं काहीसं भावनांच्या बाबतीत होतं.

हा फक्त बायकांचा आजार नाही. पुरुषांत तो दारू आणि मारामाऱ्यांच्या आड लपतो आणि दवाखान्यापेक्षा पोलीस चौकीत आधी पोहोचतो.

डॉक्टर एकदा बायपोलर म्हणाले, दुसरे बॉर्डरलाइन म्हणाले. खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं, पण बऱ्याचदा गोंधळ असतो. बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या पाळ्या येणारा आजार. त्यात चढता मूड निदान चार दिवस, पूर्ण उन्मादात आठवडाभर टिकतो. झोप कमी लागते तरी थकवा नसतो, आणि यासाठी कुणी काही बोलायला लागत नाही. बॉर्डरलाइनमध्ये मूड तासांत बदलतो आणि बहुधा कुणाच्या तरी शब्दावरून. दोन-तीन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवा: झोप किती, मूड कसा, आधी काय घडलं. ती वही डॉक्टरांच्या फार कामाची असते.

म्हणजे हे दुभंग व्यक्तिमत्त्व का? सिनेमात दाखवतात तसं?

नाही. तो पूर्णपणे वेगळा आणि दुर्मीळ आजार आहे.

हे होतं कशामुळे? आमच्या संगोपनात काही चुकलं का?

हा प्रश्न आया विचारतात, वडील क्वचित. जुळ्यांच्या अभ्यासांवरून साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. उरलेला वाटा आयुष्याचा. बॉर्डरलाइन असलेल्या अनेकांच्या बालपणात लैंगिक अत्याचार, मारहाण, दुर्लक्ष, आई-वडील दुरावणं सापडतं. पण सगळ्यांच्या नाही, आणि असं बालपण गेलेल्या बहुतेकांना हा विकार होतही नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची मांडणी मला घरच्यांना समजावायला सोपी वाटते. मूल जन्मतःच जास्त हळवं असतं: चटकन पेटतं, जोरात पेटतं, विझायला वेळ लागतो. आणि घरात त्याच्या भावनेला सतत खोटं ठरवलं जातं. 'एवढ्यात रडायला काय झालं?', 'तुला भूक लागलेलीच नाही', 'काकांबद्दल असं बोलतात का?' मग मूल शिकतं की साध्या आवाजात बोललं तर ऐकू जात नाही, किंकाळी फोडावी लागते. यातली शेवटची ओळ पुन्हा वाचा. काकांबद्दल मूल काही सांगत असेल तर ते ऐका.

एखाद्या शांत मुलाला हेच घर सोसलं असतं, म्हणून दोन भावंडांत एकालाच त्रास होतो. आई-वडलांनी वाईट हेतूनेच काही केलं असं यातून निघत नाही. बाहेरची बाधा, पत्रिकेतला चंद्र यांचाही संबंध नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण अपॉइंटमेंट चुकवू नका.

निदान कसं करतात? रक्ताची तपासणी, एमआरआय?

यासाठी अशी तपासणी नाही. दोन-तीन किंवा जास्त भेटींत सविस्तर मुलाखत, जमलं तर घरच्यांशी वेगळं बोलणं, आणि काही प्रमाणित प्रश्नावल्या. माणूस ऐन नैराश्यात किंवा नशेत असताना व्यक्तिमत्त्वावर शिक्का मारू नये, कारण तेव्हा कुणीही स्वतःसारखा नसतो. हस्ताक्षरावरून किंवा बोटांच्या ठशांवरून व्यक्तिमत्त्व सांगणाऱ्यांकडे पैसे घालवू नका.

इन्स्टाग्रामवर 'नार्सिसिस्ट नवरा ओळखण्याच्या खुणा' पाहिल्या. सगळ्या जुळतात. आता?

खुणा जुळतात म्हणून निदान होत नाही, आणि न पाहिलेल्या माणसाचं निदान मी करणार नाही. पण तुमचा खरा प्रश्न बहुधा वेगळा असतो. तो मारतो का, पैसे काढून घेतो का, माहेरी बोलू देत नाही का? यातलं काही होत असेल तर त्याला विकार आहे की नाही याची वाट बघू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा निदान मागत नाही.

मुलगी सोळा वर्षांची आहे. एवढ्यात असं नाव लावावं का?

किशोरवयात सगळंच उधाणलेलं असतं, म्हणून डॉक्टर सावध असतात. समाजविरोधी विकाराचं निदान तर अठराच्या आत करतच नाहीत. पण वर्षभर तीच लक्षणं टिकून असतील तर बॉर्डरलाइनचं निदान करता येतं. नावावर अडू नका. 'मोठी झाली की सुधारेल' आणि त्याहून धोक्याचं 'लग्न झालं की सुधारेल' म्हणत थांबू नका, एवढं पुरे.

ती हात कापून घेते. लक्ष वेधायला करते म्हणतात. दुर्लक्ष करावं का?

करू नका. बहुतेकजण आतली घुसमट क्षणभर थांबावी म्हणून असं करतात, आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते लपवतात. लक्ष वेधायचं असतं तर लपवलं नसतं. या विकारात आत्महत्येचा धोका खरा आहे. 'बोलणारे करत नाहीत' ही समजूत चुकीची आहे.

सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही. घरातल्या गोळ्या, कीटकनाशक, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि तिला एकटं सोडू नका. 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. इजा झाली असेल तर थेट रुग्णालय गाठा किंवा ११२ लावा.

'पोलीस केस होईल' या भीतीने लोक उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. रुग्णालय नोंद करेल, करू द्या.

यावर गोळी आहे का? स्वभावाला औषध नसतं म्हणतात.

म्हण अर्धी खरी आहे. व्यक्तिमत्त्व बदलणारी गोळी नाही. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेत नाही, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २००९ ची मार्गदर्शिका सांगते की खास या विकारासाठी किंवा त्याच्या एकेका लक्षणासाठी औषधं देऊ नयेत. मात्र सोबत नैराश्य, चिंता, व्यसन असतं, आणि त्यांच्यावर औषधं लागू पडतात. डॉक्टर गोळ्या देतात त्या बहुधा त्यासाठी. त्या मनाने बंद करू नका. पण फाइलवर पाच-सहा गोळ्या साचल्या असतील आणि फरक शून्य असेल, तर 'यातली कुठली कशासाठी?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे वेगळं सांगायला हवं.

मग उपचार म्हणजे नुसतं बोलणं?

बोलणं, पण गप्पा नव्हेत. लिनेहन यांनी घडवलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी, बहुधा वर्षभर चालते. आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक गटवर्ग, मध्येच तोल गेला तर फोनवर मदत. गटवर्ग जवळजवळ शाळेसारखा असतो, गृहपाठासकट. लाट आली की ती ओसरेपर्यंत आणखी नुकसान न करता कसं थांबायचं (गार पाण्याने तोंड धुणं हा साधा उपायही त्यात येतो), रागाला नाव कसं द्यायचं, 'नाही' कसं म्हणायचं, नातं न मोडता मागणं कसं मागायचं. सगळ्याच्या तळाशी एक ताण धरलेला असतो: तू आहेस तशी मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. लिनेहन यांचा पहिला नियंत्रित अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं.

वीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की सतराव्या वर्षी, १९६१ साली, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला जखमा करत होत्या आणि त्यांना स्किझोफ्रेनिया असल्याचं ठरवलं गेलं होतं. हे मी रुग्णांना सांगते तेव्हा खोलीत जरा शांतता होते.

डीबीटीखेरीज स्कीमा थेरपी (लहानपणापासून घट्ट बसलेल्या समजुतींवर काम करणारी) आणि मेंटलायझेशनवर (आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर) आधारित उपचारही आहेत. टाळणाऱ्या, परावलंबी, काटेकोर माणसांना विचार-वर्तन उपचारपद्धती उपयोगी पडते. समाजविरोधी विकारात यश कमी मिळतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे सगळं पुण्या-मुंबईत. आमच्या तालुक्यात कोण करणार?

हा सगळ्यांत रास्त प्रश्न आहे. संपूर्ण डीबीटी देणारी केंद्रं आपल्याकडे कमी आणि महाग. पण कॅनडात १८० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला डीबीटी दिली, दुसऱ्याला अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांनी आखीव, नियमित सर्वसाधारण उपचार दिले. वर्षभराने दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. म्हणजे नावाजलेली थेरपी मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. एकच डॉक्टर, ठरलेला वार, संकटात काय करायचं याची लेखी आखणी, आणि भेटी न चुकवणं, यानेही फरक पडतो. दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलणं हे मात्र इथे खरं विष.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ थेरपी देतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारा. 'लाइफ कोच' यातलं काहीच नाही.

बरं होतं का? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

बॉर्डरलाइनच्या बाबतीत ही म्हण साफ चुकीची ठरली आहे. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा मेरी झनारिनी यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं निदानाच्या खाली उतरली आणि निदान दोन वर्षं तशीच राहिली. मात्र लक्षणं जाण्याबरोबर चांगलं नातं आणि पूर्णवेळ काम किंवा शिक्षण हेही जमलेले फक्त निम्मे होते. वादळ ओसरतं, पण तोवर शिक्षण सुटलेलं असतं, मित्र गेलेले असतात. म्हणून मी पहिल्या महिन्यापासून विचारते: कॉलेज चालू आहे का? अर्धवेळ का होईना, काम आहे का? 'आधी पूर्ण बरी हो, मग बघू' या वाक्याने फार वर्षं वाया जातात.

त्याला स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. घरच्यांनी काय करावं?

'तुला विकार आहे' असं भांडणात कधीही म्हणू नका, तो शब्द मग शिवी होतो. त्याला स्वतःला जे खुपतं, झोप, नोकरी टिकत नाही, एकटेपण, ते धरून डॉक्टरांकडे चला म्हणा. तो नाहीच आला तर तुम्ही जा.

बोलण्याची एक तऱ्हा शिकता येते. मुलगी फोन फेकून म्हणते, 'तुम्हाला मी नकोच आहे.' नेहमीचं उत्तर: 'तुझ्यासाठी एवढं केलं, आणि हे फळ!' त्याऐवजी: 'मला यायला उशीर झाला आणि तुला एकटं वाटलं, ते दिसतंय. फोन फेकलेला मात्र मला चालणार नाही. जेवून घेऊ, मग बोलू.' पहिल्यांदा म्हणताना आपल्यालाच कृत्रिम वाटतं, विसाव्यांदा कमी वाटतं. एकदा घातलेली मर्यादा आई, बाबा आणि आजी तिघांनीही पाळायला हवी. आजीच बहुधा फुटते.

या निदानावर घटस्फोट मिळतो का? विमा मिळतो का?

निव्वळ निदानाचा कागद पुरत नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे कारण आहे, पण त्याची तीव्रता इतकी हवी की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षा करणंच वाजवी ठरू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. वकिलाला भेटा.

विम्याबाबत, मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो. त्याचा उपयोग मुख्यतः दाखल व्हावं लागलं तर. आठवड्याच्या थेरपीचे पैसे बऱ्याच पॉलिसींत खिशातूनच जातात, म्हणून आधी वाचून घ्या.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुन्या फायली, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकिटंच आणा), ती मूडची वही, आणि शाळा, नोकऱ्या, मोठे प्रसंग यांची वर्षवार एक पानभर यादी. तक्रारींचं पाढेवाचन नको, ते डॉक्टर विचारतील तेव्हा. आणि ज्याची भेट आहे त्याला आत एकट्याला जाऊ द्या. तुम्हाला बोलावतील, तोवर बाहेरच्या बाकावर बसा.